आधी लिहून काढ, केगल नंतर

अगं, तुझा मेसेज वाचला, लघवी लीक होते, संबंधाच्या वेळी दुखतं, म्हणून व्हिडिओ बघून केगल सुरू करू का, असं विचारलंस. 'सगळ्याच बायकांना होतं' असं सांगून तुला गप्प केलंय ना, त्या उत्तरावर थांबू नकोस. होतं खरं खूप जणींना, धाकटा झाल्यावर मलाही शिंक आली की लीक व्हायचं आणि मी काळे कपडे घालून वेळ मारून न्यायचे, पण खूप जणींना होतं म्हणजे त्यावर उपाय नाही असं थोडंच आहे!

गायनॅककडे जाऊन 'खाली त्रास होतोय' एवढंच म्हणालीस तर हातात एखादी ट्यूब पडेल आणि तू घरी. त्यापेक्षा ३ दिवस लिहून ठेव, पाणी-चहा-कॉफी किती झालं, लघवीला कधी गेलीस, लीक कधी झालं, खोकताना की बाथरूमच्या दारापर्यंत पोचायच्या आत, कारण या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि उपायही वेगळे. संध्याकाळी खाली जड वाटतं का, काहीतरी उतरल्यासारखं, तेही लिही. आणि नुसतं 'दुखतं' नको, संबंधाच्या वेळी अगदी सुरुवातीला दुखतं की आत खोलवर, की नंतर आग होते, हे सांगायला लाज वाटेल म्हणून तर कागद, सरळ पुढे सरकवायचा.

आता केगल, म्हणजे लघवी रोखणारे खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम. व्हिडिओ बघून लगेच सुरू करू नकोस गं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे स्नायू असतात, कोणाचे सैल पडतात तर कोणाचे सतत आवळलेलेच राहतात, आणि आवळलेले असतील तर संबंध दुखतात, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, पोट साफ होत नाही. अशा बाईने अजून आवळत बसलं तर त्रास वाढूही शकतो, तिला आधी सैल सोडायला शिकावं लागतं. तुझं वर्णन वाचून मला हीच शंका येतेय, पण हे पेल्व्हिक फ्लोअरच्या, म्हणजे याच स्नायूंच्या, फिजिओने तपासूनच ठरवायचं. खोकताना लीक होण्यावर मात्र हा व्यायाम खरंच चालतो, दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ दा, आणि किमान ३ महिने. फक्त नीट शिकून घे, बऱ्याच जणी चुकून पोट नि मांड्याच आवळतात, श्वास रोखून!

लीक होतं म्हणून पाणी तोडू नकोस, लघवी घट्ट होते आणि मूत्राशय अजून चिडतं.

ते सुगंधी वॉश पण बंद कर. योनीच्या आतला पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आंबट असतो, लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले बॅक्टेरिया तो सांभाळतात, आपण बाहेरून साधं पाणी वापरायचं, बस. दह्यासारखं पांढरं जातंय आणि खाज असेल तर बहुतेक यीस्ट, पातळ राखाडी आणि माशासारखा वास असेल तर बहुतेक बॅक्टेरियाची गडबड, औषधं वेगवेगळी, त्यामुळे मैत्रिणीची ट्यूब लावू नकोस, तपासून घे.

तपासणीच्या वेळी 'थांबा' म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आत बघायला जो चिमटा घालतात तो स्पेक्युलम लहान आहे का तेही विचार. लघवीत किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तर मात्र डायरी वगैरे राहू दे, लगेच दाखव.

आणि आईला पाळी गेल्यापासून आग होते, सारखी लघवी लागते म्हणालीस ना, तिलाही सोबत ने, त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, तिला चालेल का ते डॉक्टरांना विचार.