महापालिका शाळेत पालकांसाठी कुटुंब साहाय्य केंद्र सुरू करायचे असल्यास नाशिक महापालिका निधी देऊ शकते का?

होय, देऊ शकते. मात्र त्यासाठी मागणी शिक्षण विभागाकडे नव्हे, तर प्रामुख्याने महिला व बालकल्याणाच्या राखीव तरतुदीतून करावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार प्राथमिक शाळा चालवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे (कलम ६३), पण पालकांचे समुपदेशन किंवा कुटुंबाला आधार देणारे केंद्र हे कलम ६६ खालील ऐच्छिक कामांत मोडते आणि शासन निर्णयांनुसार महिला व बालकल्याणासाठी ठेवावयाची ५ टक्के तरतूद अशा कामास सर्वांत जवळची आहे. प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने सुरू होणे उत्तम, कारण शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. ठरावात मोघम 'केंद्र' न लिहिता खर्चाच्या बाबी स्पष्ट लिहाव्यात: रिकामी वर्गखोली, गोपनीय बोलण्यासाठी पार्टिशन, समुपदेशिकेचे मासिक मानधन आणि कामावर जाणाऱ्या आयांना सोयीची संध्याकाळची वेळ. मानधनाची बाब वगळली तर खोली रंगवून होते आणि कुलूप लागते, म्हणून तिच्यावर ठाम राहावे. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने प्रस्ताव हिवाळ्यातच महापालिकेच्या मुख्यालयात, म्हणजे राजीव गांधी भवनात पोहोचलेला बरा. आस्थापना खर्चावर (कर्मचाऱ्यांच्या वेतनादी खर्चावर) ३५ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे कायम पदाची अपेक्षा मात्र ठेवू नये. शाळा शहराबाहेरील, जिल्हा परिषदेची असल्यास हा मार्ग लागू नाही. तेथे जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीकडे जावे लागते.