लातूरहून शेतीविषयक मराठी ब्लॉग लिहितो. अफिलिएट जाहिरातींतून खरोखर पैसे मिळतात का?

मिळतात; पण अफिलिएट म्हणजे विक्रीवर कमिशन, त्यामुळे वाचकाने लेखात आपण दिलेल्या दुव्यावरून (लिंकवरून) जाऊन वस्तू विकत घेतली तरच. नुसत्या भेटींचे काहीच मिळत नाही. समजा, 3,000 रुपयांच्या फवारणी पंपावर 5 टक्के कमिशन असेल, तर एका विक्रीमागे 150 रुपये होतात; वस्तू परत गेली की तेही जातात. ॲमेझॉनच्या योजनेत दुव्यावर क्लिक केल्यापासून साधारण 24 तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली जावी लागते आणि नव्या खात्यावर पहिल्या 180 दिवसांत किमान 3 विक्री न झाल्यास ते बंद होते, म्हणून पाच-पंचवीस चांगले लेख तयार होईपर्यंत नोंदणीची घाई करू नये.

लेख मात्र अनुभवाचेच हवेत. सोयाबीनवर किंवा जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत एखादा पंप स्वतः वापरून त्याचे वजन, बॅटरी किती वेळ टिकते, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे जो लिहितो, त्याच्याच शिफारशीवर आपल्याकडचा शेतकरी पैसे खर्च करतो, आणि ते पैसे कष्टाचे असतात. त्यामुळे दुव्यातून आपल्याला कमिशन मिळते हे लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही असा आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे.