केबिनवर अस्वलं येतात म्हणे, बेअर स्प्रे घ्यावा का?

तुमची डोंगरातली केबिन बुक झालीय, सोबत दोन लहान मुलं आहेत आणि मालकाने "अस्वलं येतात, सांभाळून" एवढाच मेसेज टाकलाय, तर बेअर स्प्रे घ्यावा का असं विचारलंत. घ्या (अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा तिखट मिरचीचा फवारा तो), पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. नॉर्थ अमेरिकेतल्या अशा केबिनवर अस्वल माणसासाठी येत नाही हो, वासावर येतं, आणि नाक इतकं तिखट की मैलभरावरचा वासही त्याला कळतो. त्यात उन्हाळा सरताना ते थंडीसाठी चरबी साठवायला लागतं, दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खातं, सगळा वेळ शोधाशोध चालू. त्या दिवसांत जाणार असाल तर जास्तच जपा.

पहिल्यांदा गाडी. लोक केबिन बंद करतात आणि गाडी विसरतात. आमच्या शेजारच्या केबिनपुढे एकाच्या गाडीत मागच्या सीटच्या खिशात वेफर्सचं रिकामं पाकीट राहिलेलं, दार लॉक नव्हतं, अस्वलाने पंजाने हँडल ओढून दार उघडलं, आत शिरलं आणि गाडी उतारावर असल्यामुळे दार मागून बंद झालं. मग आतून बाहेर पडायला त्याने सीटचा फोम, दाराचं अस्तर, छताचं कापड, सगळं फाडलं, मध्येच हॉर्न वाजत होता. सकाळी हँडलवर चिखलाचा पंजा स्पष्ट दिसत होता. त्यामुळे च्युइंगगम, लिप बाम, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, वास येणारं काहीही गाडीत नको, आणि लॉक करायचीच.

केबिनच्या दाराला खाली दाबायचं आडवं हँडल असेल तर ते अस्वलाला सहज उघडतं, गोल मूठ असेल तर अवघड जातं. कुठलंही असलं तरी घरात असतानासुद्धा कडी लावा, आणि तळमजल्याच्या खिडक्या नुसत्या जाळीच्या भरवशावर उघड्या ठेवू नका, जाळी त्याला कागदासारखी.

ग्रिल हा सगळ्यात मोठा घोळ. जेवण झाल्यावर जाळी घासतात पण खालचा तेलाचा ट्रे तसाच राहतो, आणि वास तिथेच असतो. बर्नर पंधरा मिनिटं फुल ठेवून जाळून घ्या, गार झाल्यावर ट्रे काढून धुवा. डेकवर कूलर, कुत्र्याचं खाणं, पक्ष्यांचे दाणे, हमिंगबर्डचं साखरपाणी काही नको, आधीपासून टांगलेलं असेल तर उतरवून आत ठेवा. कचरा रात्री बाहेर काढू नका, लोखंडी बेअर प्रूफ, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा, डबा असेल तर लॅच बसल्याचा आवाज येईपर्यंत झाकण दाबा.

आणि फोटोसाठी सफरचंद टाकणं वगैरे अजिबात नको, प्लीज. एकदा माणसाकडून खायला मिळालं की ते परत येतं, धीट होतं, आणि शेवटी बरेचदा अधिकाऱ्यांना त्याला मारावं लागतं. तुम्ही चार दिवसांनी घरी जाता, त्याचा मात्र जीव जातो.

समोर आलंच तर पळू नका, ते ताशी पन्नास किलोमीटरने धावतं, झाडावरही चढतं. मुलांना उचला, हात वर करा, मोठ्याने बोलत मागे सरका, पिल्लू दिसलं तर आई जवळच आहे असं समजा. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये अस्वलापासून निदान 100 यार्ड (साधारण 91 मीटर) लांब राहायचा नियम आहे, तोच डोक्यात ठेवा. आत घुसलं असेल तर त्याची बाहेरची वाट अडवू नका, दुसऱ्या दाराने तुम्ही निघा.

काळ्या अस्वलाने हल्ला केला तर मेल्याचं सोंग करू नका, हाताला लागेल त्याने तोंडावर मारा. ग्रिझली (तपकिरी अस्वलाची मोठी जात) घाबरून किंवा पिल्लांसाठी अंगावर आली तर उलट, पोटावर पालथं पडून मान दोन्ही हातांनी झाका. रंगावर जाऊ नका, काळी अस्वलं तपकिरीही असतात, ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो.

आता स्प्रे. विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तिथे पोचून घ्या, आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीसारख्या काही पार्कमध्ये त्यावर बंदी आहे तेव्हा आधी बघा. अंगाला किंवा डेकला फवारायचा नसतो, अस्वल धावत साधारण नऊ ते अठरा मीटरवर आलं की त्याच्या तोंडापुढे ढग करायचा. सेफ्टी क्लिप न बघता काढायची सवय करा आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

मालकाला आजच विचारा, दाराचं हँडल कसलं आहे आणि कचऱ्याचा डबा बेअर प्रूफ आहे का. डबा नसेल तर कचरा कुठे नेऊन टाकायचा तेही लिहून घ्या.