इंटेल की रायझन? आधी कॅमेरा कोणता ते सांगा

प्रश्न : मानवतला आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. शूटिंग आमचे हे करतात, एडिटिंग घरी मी करते. कॉम्प्युटर 2017 सालचा आहे. इंटेल आय5 7400 प्रोसेसर, 8 जीबीची एकच डीडीआर4 रॅम, 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड. यंदा सोनीचा नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन अडकत अडकत चालते. भाचा म्हणतो, "मामी, एएमडी कंपनीचा रायझनच घ्या." दुकानदार म्हणतो, "इंटेलशिवाय दुसरं बघू नका." खर्च एकदाच झेपणार आहे. काय घेऊ?
— एक वाचक, मानवत

उत्तर : ताई, परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि हा वाद माझ्या काउंटरवर रोज होतो. दोघंही ठाम आहेत, पण तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज कसलं आहे हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं दिसत नाही. तुमचा निर्णय तिथंच अडकलाय.

आधी एक काम करा. अडकणारी क्लिप प्रीमिअरमध्ये चालू ठेवा आणि टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूखाली, म्हणजे ग्राफिक्सखाली, 'व्हिडिओ डीकोड'चा (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचा) आलेख दिसतो. तो तळाला पडून आहे आणि सीपीयू (प्रोसेसर) शंभर टक्क्यांवर, असं असेल तर रोग सापडला. मग मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीच क्लिप उघडून बघा. तिथं एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) आणि 4:2:2, 10 बिट असं लिहिलेलं असेल, तर कॅमेरा रंगांची जास्त माहिती साठवतोय. कलर करेक्शनला ते उत्तमच. पण हा प्रकार उलगडायची सोय तुमच्या 7400 मध्येही नाही आणि 1050 टीआयमध्येही नाही. म्हणून सगळं ओझं प्रोसेसरच्या चार कोअरवर येतं.

ही सोय इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये 11व्या पिढीपासून आहे, आणि ती आहे त्यांच्या आतल्या ग्राफिक्समध्ये. रायझनच्या ग्राफिक्समध्ये 4:2:2 साठी ती नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ती 2025 च्या 50 मालिकेपासून आली. तेव्हा फुटेज असं निघालं तर माझं मत स्पष्ट आहे : 12व्या पिढीतला आय5 12400 घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, तुमच्या कामाला पुरेसा. मात्र पावती करताना आकड्यापुढचं अक्षर वाचा. 12400एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतं. म्हणजे ज्याच्यासाठी इंटेल घ्यायचा तेच हातातून जातं. आणि कार्ड लावलेलं असलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करून द्यायला दुकानदाराला सांगा, तुमच्यासमोर.

फुटेज 4:2:0, म्हणजे रंगांची माहिती कमी असलेलं, निघालं, तर भाच्याचं ऐका. ते उलगडायला तुमचं 1050 टीआय समर्थ आहे. मग रायझन 7 5700एक्स घ्या : आठ कोअर, 65 वॅट, ताकद जास्त आणि तापणं बेताचं.

बोर्ड दोन्हीकडं बदलावाच लागेल. तुमच्या बोर्डावर फार तर आय7 7700 बसेल. जुन्या बाजारात तो कुणी स्वस्तात देईल, पण घेऊ नका. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 पासून आधार देणं थांबवलं आणि 7700 विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. नवा बोर्ड डीडीआर4 चाच मागा. 12400 साठी डीडीआर4 आणि डीडीआर5 असे दोन्ही बोर्ड मिळतात, त्यामुळं हे तोंडानं सांगावं लागतं. 2025 च्या अखेरीपासून रॅम फार महागली आहे. तुमची 8 ची पट्टी कामी येऊ द्या, शेजारी 16 ची एक लावा.

कुणी 13व्या-14व्या पिढीतला जुना आय7 किंवा आय9 दाखवला तर थांबा. त्या पिढ्यांतले मोठे प्रोसेसर व्होल्टेजच्या दोषामुळं हळूहळू खराब होत होते. इंटेलनं ऑगस्ट 2024 मध्ये दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी झालेली झीज दुरुस्तीनं भरून येत नाही.

आणि ताई, पैसे काढण्याआधी डबा उघडून बघा. गेल्या मे महिन्यात जिनिंगजवळच्या एका स्टुडिओतलं मशीन माझ्याकडं आलं. मालक नवीन प्रोसेसर घ्यायच्या तयारीनंच आले होते. पंखा काढला तर हीट सिंकच्या पट्ट्यांवर कापसाच्या तंतूंचा थर, चिमट्यानं ओढला तर पेळूसारखा अखंड निघाला. बाहेर 43 अंश आणि आत हवेला वाटच नाही. साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, मशीन अजून चालतंय. मानवतच्या कापसाच्या हंगामात दर महिन्याला साफसफाई ठेवाच, प्रोसेसर कुठल्याही कंपनीचा असो.

प्रश्न : रायझन 3 2200जी आणि बी450 चा बोर्ड आहे. वेगळं कार्ड नाही. रायझन 5 5600 टाकला तर चालेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : चालेल, पण स्क्रीन काळीच राहील. 5600 मध्ये ग्राफिक्स नाही. तुम्हाला 5600जी हवा. बोर्ड तोच राहतो, ही रायझनची मोठी सोय.

जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा, तेही यूपीएसवर. घरचा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर क्षणभर उशिरा उचलतो, आणि अपडेटच्या मध्येच मशीन बंद पडलं तर बोर्ड जातो.

कूलर काढताना घाई नको. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला कूलरला घट्ट धरून ठेवते. एका गिऱ्हाइकाचा कूलर मी सरळ वर ओढला, तर कुलूप लावलेल्या सॉकेटमधून प्रोसेसर उपटून आला आणि कडेच्या सात पिना वाकल्या. लीड काढलेल्या पेन्सिलीच्या टोकात एकेक पिन घालून सरळ करायला सव्वा तास गेला. नशीब, एकही तुटली नाही. आता मी आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ देतो. मग बंद करून वायर काढतो, स्क्रू सोडतो, कूलर डावीकडं-उजवीकडं हलकेच फिरवतो, आणि तो सुटा फिरायला लागला की मगच उचलतो.