वयस्क बिअर्डेड ड्रॅगनची सुस्ती

आपला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, 9 वर्षांचा आहे आणि दिवसभर पडून असतो, हे आपण नागपूरहून कळवल्यापासून मला त्याची काळजी वाटते आहे. हे प्राणी साधारणपणे 8 ते 12 वर्षे जगतात, त्यामुळे थोडा मंदपणा वयाचा असेलच. तरी सगळे वयावर सोडून देऊ नये.

प्रथम ऊब घेण्याच्या जागेचे तापमान मोजा, कारण नागपुरात जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि शरीरात स्वतःची ऊब निर्माण करू न शकणाऱ्या या सरड्याचे पचन थंडीत फार मंदावते. ऊब देणाऱ्या दिव्याखाली दिवसा सुमारे 40 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 अंशांच्या जवळपास तापमान हवे. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे दिवसभर कूलर चालतो, आणि ती दमट हवा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील या जिवाला मानवत नाही, म्हणून त्याची पेटी दुसऱ्या खोलीत हलवा. अतिनील (यूव्ही) किरणांचा वेगळा दिवा पेटत असला तरी त्याची किरणे क्षीण होत जातात. तो वर्षाच्या आत बदला. किडे कमी, पाला जास्त द्या, पण पालक टाळा.

दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. याहून उपयुक्त सवय मला माहीत नाही. वजन उतरत असेल, पाय थरथरत असतील किंवा जबडा मऊ लागत असेल, तर ही हिवाळी झोप आहे असे समजून थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेल्या पशुवैद्यांना लगेच दाखवा.