फ्लॅश म्हणजे झटपट नव्हे

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: संगणक मंद झाला म्हणून दुकानात नेला, तर दुकानदार म्हणतो पेनड्राइव्ह लावून रॅम (संगणकाची चालू कामाची मुख्य मेमरी) वाढवून देतो, त्याला 'फ्लॅश कॅश' म्हणतात. मराठीत 'द्रुतस्मृती' म्हटलं तर चालेल का?

मुळीच चालणार नाही. 'फ्लॅश म्हणजे फास्ट' हे म्हापशापासून काणकोणपर्यंत ऐकून कान किटले. या नावाचा वेगाशी संबंधच नाही. पेनड्राइव्हमध्ये असते ती ही फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओकांनी १९८४ साली जगापुढे मांडली. नाव सुचवलं त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी. साठवलेलं सगळं एका दमात पुसलं जातं हे पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. पुसण्यावरून पडलेलं नाव! किती नेमकं! कारण फ्लॅशची सगळी गोम पुसण्यातच आहे. रॅममध्ये हवं ते अक्षर हवं तेव्हा बदलता येतं. इथे एक अक्षर बदलायचं तरी आधी अख्खी पाटी पुसावी लागते, आणि पुसून पुसून पाटी झिजते. म्हणून तिला रॅम म्हणायचं नाही.

आता 'कॅश' (cache). आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या संगणकावरच्या लेखात लेखकांनी मुख्य मेमरीच्या अलीकडच्या वेगवान साठ्याला 'हाय-स्पीड बफर' लिहिलं होतं. लेख छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादक लाइल जॉन्सन यांना ते पसंत पडलं नाही, त्यांनी 'कॅश' सुचवलं आणि १९६८ साली तेच छापून आलं. म्हणजे वेगाचा शब्द हाताशी असताना तो बाजूला सारला गेला, आणि आमचे पारिभाषिक पंडित 'द्रुत' म्हणत तोच परत आणतात! फ्रेंचमध्ये 'काशे' म्हणजे लपवणं. प्रोग्राम मागतो मुख्य मेमरीकडे, त्याला मिळतं मधल्या लपलेल्या जागेतून, आणि त्याला पत्ताही लागत नाही. याला मराठीत शब्द तयार आहे: चोरकप्पा. आजीच्या ट्रंकेत कापडी अस्तराखाली असायचा, वरून हात फिरवला तरी कळायचा नाही, तोच.

रोकड या अर्थाच्या 'कॅश'शी (cash) याचं नातं जोडणारेही भेटतात. ती कॅश पेटीतून आली, लॅटिन 'काप्सा'मधून. पोर्तुगीज 'काइशा' म्हणजे पेटी, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. दोन्ही घराणी वेगळी. आणि 'कॅशे' असा उच्चार तर करूच नका, इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा 'e' मुका आहे.

हां, दुकानदार. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टात 'रेडीबूस्ट' नावाची ही सोय होती. पेनड्राइव्हमध्ये असते ती नुसती प्रत, मूळ मजकूर हार्ड डिस्कवरच. त्यामुळे चालू कामात पेनड्राइव्ह ओढून काढला तरी काही हरवत नाही. चालू संगणकातली रॅम अशी काढता येईल का, एवढंच त्याला विचारा. आणि ताई, पैसे पेनड्राइव्हचेच द्या, रॅमचे नकोत.