भाडेकरारासाठी एजंटने घेतलेला अंगठ्याचा ठसा त्याच्याकडे राहतो का? आधारमुळे आपला खासगीपणा धोक्यात येतो का?

नागपूरच्या धरमपेठेत भाड्याचे घर घेताना एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला, आधारची झेरॉक्सही मागू लागला, म्हणून आपण हे विचारले आहे. मान्यताप्राप्त यंत्र असेल तर ठसा यंत्रातच कूटबद्ध होऊन पडताळणीसाठी पुढे जातो, लॅपटॉपमध्ये राहत नाही. झेरॉक्समध्येही ठसे नसतात. दहा बोटांचे ठसे आणि बुबुळांचे स्कॅन आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) केंद्रीय भांडारात असतात.

तरीही आपली काळजी रास्त आहे, कारण ठसा इतरत्रही मिळतो. काही राज्यांत खरेदीखतांवरचे अंगठे संकेतस्थळावरून उतरवून सिलिकॉनच्या नकली बोटांनी लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढेच लागते. ओटीपी लागत नाही. झेरॉक्समधून आधार क्रमांक परक्या हाती जातो, म्हणून मला यंत्रापेक्षा झेरॉक्सची धास्ती अधिक वाटते. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मला हिशेब लिहून मिळालेल्या चिठ्ठीच्या पाठीमागे एका अनोळखी बाईंचे आधार कार्ड क्रमांकासकट छापलेले होते. बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा काउंटरवर तसाच पडून होता.

तेव्हा प्रत द्यायचीच असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे, आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून, म्हणजे ठसा व बुबुळाने होणारी पडताळणी बंद करून ठेवावे. करारनोंदणीच्या दिवशी ते उघडावे आणि काम होताच पुन्हा बंद करावे. घरातील कुणी रेशनसाठी अंगठा लावत असेल, तर त्यांना हे लॉक अडचणीचे ठरते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, आणि त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, याचा मला अभिमान वाटतो. पुढच्याच वर्षी न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली, परंतु बँक खाते आणि सिमकार्डासाठीची सक्ती रद्द केली. हरवलेले कार्ड पुन्हा मिळते, अंगठा मात्र बदलून मिळत नाही. त्यामुळे जिथे पॅन किंवा मतदार ओळखपत्र चालते, तिथे आधार पुढे करूच नये, असे माझे ठाम मत आहे. खात्यातून न काढलेली रक्कम गेल्याचे दिसलेच, तर त्याच क्षणी बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.